फाइल ठाण्यात, डेडलाइन डोंबिवलीत

‘नेट स्लो आहे यार!’ हे वाक्य या आठवड्यात तुम्ही किती वेळा म्हणालात? शॉर्टफिल्मचं फुटेज एडिटरकडे जात नाही, नेट स्लो आहे. फेस्टचे फोटो डिझायनरला मिळाले नाहीत, नेट स्लो आहे. सबमिशनची लिंक उघडेना, तरी नेटच स्लो. त्यानंतरचा डायलॉगही ठरलेला असतो : ‘जाऊ दे, हार्डडिस्कच घेऊन ये.’ मग ग्रुपमधलं कुणीतरी, बहुतेक वेळा सगळ्यात ज्युनिअर, रात्री साडेनऊला डोंबिवलीहून ठाण्याची लोकल पकडतं. फाइल पोहोचते, परत यायला साडेअकरा होतात आणि तोपर्यंत घरचे जागे.

हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. मला मात्र वाटतं. ‘नेट स्लो आहे’ म्हणजे डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगून गप्प बसण्यासारखं आहे. कुठे दुखतंय हे सांगितलंच नाही तर समोरचा अंदाजाने महागडी गोळी देणार. इथली महागडी गोळी म्हणजे वरचा प्लॅन. पन्नासचा शंभर केला, शंभरचा दोनशे केला, आणि फाइल मात्र अजून ‘४ तास बाकी’वरच अडकलेली!

आधी हार्डडिस्कचा हिशेब करू, कारण तो भारी आहे. ४० जीबीचं फुटेज (फोर-केमध्ये तासाभराचं शूट सहज एवढं होतं) घरातून घरापर्यंत तासाभरात पोहोचलं, तर वेग पडतो सेकंदाला साधारण ८९ मेगाबिट. त्याच सॅकमध्ये पूर्ण भरलेली एक टीबीची डिस्क असेल तर २.२ गिगाबिट. आपल्या बहुतेकांच्या घरचं कनेक्शन याच्या आसपासही फिरकत नाही. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीने वैतागून ४ जीबीचं मेमरी कार्ड कबुतराच्या पायाला बांधलं आणि ८० किलोमीटरवर सोडलं. कबुतर पोहोचून डेटा कॉम्प्युटरवर उतरवून झाला, तेव्हा इंटरनेटवरून पाठवलेली तीच फाइल फक्त ४ टक्के गेली होती. आपल्याकडे कबुतराची गरज नाही. ठाणे-कल्याण रेल्वे १८५४ पासून आहेच.

पण या उपायाची किंमत कोण देतं? इंटर्न देतो. रात्री उशिराच्या डब्यात लॅपटॉप आणि दुसऱ्याची डिस्क पोटाशी धरून बसलेली मुलगी देते. जुलैमध्ये रुळांवर पाणी आलं की हे ‘नेटवर्क’ही बंद. आणि गर्दीत ती डिस्क एकदा पडली की फुटेजची एकमेव कॉपी गेली. म्हणून म्हणते, तिकीट काढण्याआधी नेमकं कुठे अडलंय ते शोधायला अर्धा तास द्या.

पहिली गोष्ट अगदी प्राथमिक, तरी निम्मी भांडणं तिथेच मिटतात. प्लॅनवर लिहिलेलं असतं एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला मेगाबिट. फाइलचा आकार आणि कॉपीची खिडकी बोलते मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ‘१०० चा प्लॅन’ सगळं उत्तम चाललं तरी सेकंदाला साडेबारा एमबीच देणार. तुम्हाला ११ दिसत असतील तर तुमचं नेट ठणठणीत आहे, कस्टमर केअरवर ओरडू नका.

आता खरा मुद्दा. शंभरचा प्लॅन म्हणजे डाउनलोड शंभर. अपलोड किती? विचारा घरात कुणालाही, सांगता येत नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतो तो आकडा. काही कनेक्शनमध्ये दोन्ही दिशांना सारखा वेग मिळतो, काहींमध्ये अपलोड बराच कमी. समजा तो दहा आहे. तर ४० जीबी पाठवायला जवळपास नऊ तास लागतील. समोरच्याकडे ठाण्यात पाचशेचा प्लॅन असला तरी नऊ तासच, कारण फाइल तुमच्या घरातून दहाच्याच वेगाने बाहेर पडतेय. सगळ्यात अरुंद जागा ठरवते, बाकीचा रस्ता सहापदरी असला काय नि आठपदरी असला काय. रोज शिळफाट्यावरून जाणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको.

आणि इथे मला नियमांवरच आक्षेप आहे. आपल्या देशात ‘ब्रॉडबँड’ कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या आहे. २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस होतं, २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. आकडा वाढला, पण तिन्ही वेळा तो फक्त डाउनलोडचा. व्याख्या करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचा माणूस अजूनही सोफ्यावर बसून बघणारा आहे. तुमच्या-माझ्यासारखा शूट करणारा, पॉडकास्ट रेकॉर्ड करणारा, लग्नाचे तीन हजार फोटो अल्बमवाल्याला पाठवणारा त्यात बसतच नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेवर किंवा केबल टीव्हीच्या वायरीवर चालणाऱ्या कनेक्शनमध्ये अपलोड कमी ठेवण्याला तांत्रिक कारण होतं, मान्य. पण आता घरोघरी फायबर आलीय. तिथल्या सर्वसाधारण तंत्रात एका लाइनवर खाली येणारा वेग अडीच गिगाबिट आणि वर जाणारा सव्वा गिगाबिट असतो, तोही अनेक घरांत वाटलेला. म्हणजे निम्मा दिला तर तंत्राची मर्यादा म्हणून समजू शकते. दहावा हिस्सा हा कुणीतरी घेतलेला धंद्याचा निर्णय आहे, आणि त्याबद्दल प्रश्न विचारायला आपल्याला हरकत नसावी.

गंमत अशी की आपण राहतो कुठे, तर डेटा सेंटरच्या शेजारी. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात, पारसिकच्या डोंगराच्या पलीकडे, मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. पण डोंबिवलीतून ठाण्याला ड्राइव्हवर फाइल पाठवताना ती सरळ जात नाही, आधी पूर्ण वर चढते आणि मग समोरचा ती उतरवतो. दोन ट्रिपा. त्यामुळे दोघे एकाच खोलीत बसलेले असतील तर कृपा करून ड्राइव्हवरून पाठवू नका! लोकलसेंडसारखं फुकट अ‍ॅप फाइल घरातल्या घरात पाठवतं, इंटरनेट लागतच नाही.

‘तेही केलं, तरी स्लो आहे,’ असं म्हणताय? मग वायफाय बघा. वायफायची हवा एक आहे आणि एका वेळी एकच बोलू शकतो. दोन्ही लॅपटॉप एकाच राउटरच्या वायफायवर असतील तर तीच फाइल हवेतून दोनदा जाते : एकदा तुमच्याकडून राउटरकडे, पुन्हा राउटरकडून मित्राकडे. वेग साधारण निम्मा झालाच. दोघांपैकी एकाला केबल लावा, लगेच फरक दिसेल. त्यात आपल्या बिल्डिंगा कशा, तर एकमेकींच्या खिडकीत हात घालाव्यात अशा. डोंबिवलीत कुठल्याही बेडरूममध्ये वायफायची यादी उघडा, वीस-पंचवीस नावं सहज दिसतील. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. पंचवीस घरं, तीन चॅनेल. तुमच्या राउटरला ५ गिगाहर्ट्झ असेल तर मोठी फाइल पाठवताना त्यावर या आणि राउटरच्याच खोलीत बसा, कारण त्याला भिंती सोसत नाहीत.

केबल लावली म्हणजे सुटलो असंही नाही. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. दाराच्या फटीत दबून एक जोडी तुटली की कनेक्शन चालूच राहतं, फक्त गुपचूप हजारावरून शंभरावर येतं. कुणाला पत्ता लागत नाही. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो, तो एकदा बघून ठेवा. मुळात राउटरचं पोर्टच शंभरचं असेल तर दोनशेच्या प्लॅनचे वरचे पैसे वायरच्या कामाला पाण्यात!

इथपर्यंत सगळं हार्डवेअर झालं. आता तो भाग, ज्यावर नेटवर ‘स्पीड वाढवण्याच्या १० ट्रिक्स’ विकल्या जातात : प्रोटोकॉलची सेटिंग. प्रोटोकॉल म्हणजे दोन कॉम्प्युटरनी आपसात बोलण्याचे नियम. बहुतेक फाइल ट्रान्सफर टीसीपी नावाच्या प्रोटोकॉलवर चालतात, आणि टीसीपीला कळायला आपल्या चहावाल्याइतकं चांगलं उदाहरण नाही. त्याच्या तारेच्या स्टँडमध्ये सहा ग्लास बसतात. तो ग्लास पोहोचवतो, रिकामे परत आणतो, मग पुढचे सहा. शेजारच्या दुकानात द्यायचे असतील तर तासाला शंभर कटिंग होतील. पण चार बिल्डिंगा सोडून पाचव्या मजल्यावर जायचं असेल तर? रस्ता कितीही रुंद करा, प्रत्येक फेरीला सहाच ग्लास जाणार. उपाय दोनच : स्टँड मोठा करा, नाहीतर पोरं वाढवा.

टीसीपीच्या या स्टँडला ‘विंडो’ म्हणतात. पोच येईपर्यंत किती डेटा पाठवून ठेवायचा, त्याची मर्यादा. मूळ नियमांत ती जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट होती. आता ठाणे-डोंबिवलीत फेरीला ५ मिलिसेकंद लागत असतील तर एवढ्या खिडकीतूनही १०० एमबीपीएसपर्यंत जाता येतं. पण सर्व्हर अमेरिकेत असेल आणि फेरी २५० मिलिसेकंदांची असेल, तर तीच खिडकी तुम्हाला २.१ एमबीपीएसवर अडवते. तुमचा प्लॅन हजाराचा असला तरी २.१! १९९२ मध्ये ही खिडकी मोठी करण्याची सोय मानकांत आली आणि विंडोज व्हिस्टापासून सिस्टिम स्वतःच अंतर बघून तिचा आकार ठरवते. याला ऑटो-ट्यूनिंग म्हणतात.

आणि इथेच ‘ट्रिक्स’वाले घोळ घालतात. बऱ्याच जुन्या व्हिडिओंत ‘स्पीड वाढवायला ऑटो-ट्यूनिंग बंद करा’ असं छातीठोक सांगितलेलं आहे. कधीकाळी काही जुन्या राउटरना ते झेपत नव्हतं म्हणून दिलेला तो सल्ला. आज बंद केलंत तर तुम्ही पुन्हा सहा ग्लासांच्या स्टँडवर येता. शेजारच्या कॉम्प्युटरवर फरक कळत नाही, म्हणून वाटतं काही बिघडलं नाही. परदेशातल्या सर्व्हरवर मात्र गाडी रुतते. माझं स्पष्ट मत : आज घरगुती वापरात टीसीपीच्या सेटिंगचं सगळ्यात उपयोगी काम एकच, ती कुणी बदललीय का ते बघून मूळ जागी आणणं. तेच ‘जम्बो फ्रेम’चं. रस्त्यातलं प्रत्येक यंत्र ते मानत असेल तरच फायदा, नाहीतर पाकिटं वाटेतच गळतात. घरात नको ते धाडस.

मग पाठवणाऱ्याच्या हातात काय उरतं? पोरं वाढवणं. फाइलझिलासारख्या प्रोग्रॅममध्ये एका वेळी दोन फाइल जाव्यात असं मुळात सेट केलेलं असतं, ते दहापर्यंत नेता येतं. लांबच्या सर्व्हरवर एका कनेक्शनची खिडकी पुरत नसेल तर चार-पाच मिळून ती उणीव भरून काढतात. दुसरं म्हणजे फाइलींची संख्या. ३,००० फोटोंचं फोल्डर आणि तेवढ्याच आकाराची एक झिप यांत फार फरक असतो. प्रत्येक फाइलला ‘उघड, लिही, बंद कर’ असा संवाद होतो, प्रत्येक संवादाला एक-दोन फेऱ्या. ३,००० वेळा. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये घरून व्हीपीएनने काम करणाऱ्यांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो, कारण ते फोल्डर ज्या एसएमबी प्रोटोकॉलवर चालतं तो मुळात एका इमारतीतल्या गप्पांसाठी बनलाय. जेपीईजी आधीच दाबलेले असतात, त्यामुळे झिप करताना ‘कॉम्प्रेशन नको’ हा पर्याय निवडा. काम आकार कमी करण्याचं नाहीये, मोट बांधण्याचं आहे.

जाता जाता, जुन्या एनएएस किंवा प्रिंटरसाठी कुणी एसएमबीची पहिली आवृत्ती परत चालू करायला सांगितली तर ऐकू नका. २०१७ च्या मे महिन्यात जगभर धुमाकूळ घालणारा वॉनाक्राय त्याच दारातून शिरला होता. शिवाय ती हळूही आहे.

एक किस्सा मला फार आवडतो. ऑक्टोबर १९८६. अमेरिकेत बर्कलीची एक प्रयोगशाळा आणि तिथलंच विद्यापीठ, अंतर ४०० यार्ड. म्हणजे डोंबिवली स्टेशनचा पूल उतरून फडके रोडवर पोहोचाल, साधारण तेवढं. त्या दोघांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून अचानक ४० बिटांवर आला. तार तुटली नव्हती. झालं असं की गर्दीमुळे पाकिटं हरवत होती, हरवली म्हणून सगळे तीच पुन्हा पाठवत होते, त्याने गर्दी अजून वाढत होती. संध्याकाळी डोंबिवलीला उतरणाऱ्यांना उतरूच न देता चढणारे घुसतात, तेव्हा दोन्हीकडचे अडकतात ना, अगदी तसं. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये मांडला : सुरुवात हळू करा, पोच येईल तसा वेग वाढवा, पाकीट हरवलं की मागे सरका. आजही तुमचा अपलोड सुरू होताना हळूहळू चढतो, तो त्यामुळे. आणि खराब वायफायवर एखादं पाकीट उगाच गळलं तरी टीसीपीला वाटतं गर्दी झाली, आणि तो वेग कमी करतो. म्हणून आधी वायफाय, मग बाकी सगळं.

त्याच जेकबसन यांचा २०१२ मधला दुसरा उपाय तुमच्या घरातलं एक भांडण सोडवू शकतो. तुम्ही अपलोड लावता आणि बाहेरच्या खोलीतून ओरड येते, ‘माझा कॉल अडकतोय!’ राउटरच्या पोटात पाकिटांची लांबलचक रांग लागते, आणि कॉलचं बिचारं छोटंसं पाकीट तुमच्या ४० जीबीच्या मागे उभं राहतं. याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. कॅथलीन निकोल्स यांच्यासोबत त्यांनी ही रांग आखूड ठेवण्याची पद्धत बनवली. काही राउटरमध्ये ती ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ अशा नावाने असते. तुमच्यात नसेल तर अपलोड करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेगमर्यादा टाका, अपलोडच्या ८५ टक्के. फाइलला थोडा वेळ जास्त लागेल, पण बाबांची मीटिंग वाचेल.

आमच्या कोर्समध्ये कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर तीन वेगवेगळ्या विषयांत शिकवलं. फोर-के कसं शूट करायचं तेही शिकवलं. शूट झालेले ४० जीबी एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जातात, यावर एकही लेक्चर नाही. बातमी काय किंवा फिल्म काय, वेळेवर पोहोचली नाही तर तिचा उपयोग शून्य, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगतात. दोन लॅपटॉप, एक केबल आणि आयपर्फ हे फुकटचं टूल एवढ्यावर तासाभराचं प्रॅक्टिकल होईल. आयपर्फ डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्कचा वेग मोजतं. तो चांगला आला आणि तरी कॉपी हळूच असेल, तर दोष तुमच्या जुन्या पेनड्राइव्हचा. एवढं कळलं तरी कितीतरी लोकलच्या फेऱ्या वाचतील.

तोवर पुढच्या वेळी केबलवाल्याला किंवा कस्टमर केअरला फोन कराल तेव्हा ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. केबल लावून मोजलेला अपलोड किती, पिंग किती, आणि प्लॅनमध्ये कबूल केलेला अपलोड किती, हे तीन आकडे सांगा. तिसरा त्यांच्याकडून लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. पलीकडून ‘राउटर बंद करून चालू करा’ असं येणारच. ते फोन लावण्याआधीच करून ठेवा.